वल्ह्याला मोटरची जोड : बिदर-कलबुर्गीच्या धरणांवरून

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांना समुद्र नाही, पण पाण्यावर पोट असलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भालकी तालुक्यातलं कारंजा धरण, बसवकल्याणकडचा चुळकी नाला, आळंद तालुक्यात कोरळ्ळीचं अमरजा, चिंचोळी भागातली मुल्लामारी आणि चंद्रमपळ्ळी, कलबुर्गीकडचं बेन्नेतोरा, भीमेवरचा सोन्नचा बंधारा. कटला, रोहू, मृगळ हे इथले मुख्य मासे. दिवस कलताना तंगूसाची जाळी लावायची आणि पहाटे ती उचलायची, असा धंद्याचा क्रम. होडी चालते वल्ह्यावर किंवा बांबूवर.

गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरींची चौकशी अशा धरणांवरही व्हायला लागली आहे. होडीच्या मागच्या फळीला शिकंजा आवळायचा, दोन वायरी बॅटरीला जोडायच्या, मुठीने वेग कमी-जास्त करायचा, एवढंच ते यंत्र. मोटरसोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत असतं, मत्स्य खात्याचे अर्ज कन्नडमध्ये असतात आणि भालकी-औराद-आळंदकडच्या मराठी बोलणाऱ्या मच्छीमाराला दुकानदाराच्या शब्दावर विसंबून पैसे मोजावे लागतात. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडून पाहायला हवा. माझं मत आधीच सांगतो : या खरेदीत मोटर शेवटी निवडायची. आधी होडी आणि वारा, मग बॅटरी. बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात.

पहिल्यांदा काम काय आहे ते बघू. दोघांच्या होडीत एक जण जाळं ओढतो आणि दुसरा वल्हवतो. वल्हवणाऱ्याची खरी दमछाक जाण्यायेण्यात होत नाही. जाळं उचलताना होडी वाऱ्याने जाळ्यावर चढू नये किंवा लांब ओढली जाऊ नये म्हणून ती तास-दोन तास एका रेषेत धरून ठेवायची, हे त्याचं काम. धडधाकट माणूस तासन्‌तास काम करताना ७५ वॅटच्या आसपास ताकद टिकवू शकतो. मध्यम आकाराची बॅटरीची मोटर पूर्ण वेगात ४५० ते ५०० वॅट वीज घेते. पंख्यापर्यंत पोचताना त्यातली निम्मी वाया गेली असं धरलं, तरी एका माणसाच्या तिप्पट जोर हाती राहतो आणि तो थकत नाही. घरातली पोरं हैदराबाद-पुण्याला कामाला गेल्यावर वल्ह्याला माणूस मिळत नाही, अशा घरांना हा जोर मोलाचा वाटणारच. मात्र मोटर आहे म्हणून एकट्याने रात्री पाण्यावर जायचं, हे गणित मला मुळीच मान्य नाही. मोटर वल्ह्याची जागा घेईल, सोबतीची नाही.

पेट्रोलचं इंजिन का नको? काही ठिकाणी तेच हवं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोट्या इंजिनात तिचा आठवा-दहावा भागच पंख्याला मिळाला, तरी तो १०० अँपिअर-तासांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या बरोबरीला येतो. उजनीसारख्या ११७ टीएमसीच्या पसाऱ्यावर लांबचा पल्ला मारायचा तर बॅटरी कमीच पडते. कारंजा धरण ७.६९ टीएमसीचं, अमरजा आणि चुळकी नाला त्याहून कितीतरी लहान. इथे अंतर थोडं आणि हळू चालण्याचं काम जास्त. मंद वेगात पेट्रोलचं इंजिन गचके खातं, धूर सोडतं. शिवाय कारंजाचं पाणी बिदर शहर पितं. तेलाचा तवंग त्या पाण्यावर न सोडणं हे मला पैशाच्या हिशेबाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

या मोटरीचा जन्मही हळू चालण्याच्या गरजेतूनच झाला. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढून त्याला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. पुढे मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांवरून ‘मिन कोटा’ ही कंपनी उभी राहिली आणि आज या धंद्यात ती सर्वांत जुनी मानली जाते. गाडीच्या स्टार्टरशी असलेलं हे नातं आपल्या कामाचं आहे, त्याकडे नंतर वळू.

मोटरीवर आकडा लिहिलेला असतो तो पौंडात : ३०, ४०, ४५, ५५. हे मोटरीचं वजन नव्हे. जागेवर बांधलेल्या होडीला ती जेवढ्या जोराने ढकलते, तो जोर. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर साधारण ५५ पौंडांपर्यंतच्या मोटरी चालतात. त्यापुढे ७०-८० पौंडांना दोन बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट लागतात आणि शंभराच्या पुढे ३६. अमेरिकेतला ठोकताळा असा की होडी, माणसं, सामान सगळं मिळून दर ४५ किलोंना २ पौंड जोर धरावा. सोळा फुटी फायबरची होडी १८० किलोंची, दोन माणसं १३० किलोंची, ओलं जाळं आणि मासे ८०-९० किलोंचे, बॅटरी ३० किलोंची. एकूण सव्वाचारशे-साडेचारशे किलो. ठोकताळ्याने २० पौंड पुरायला हवेत. शांत पाण्यावर ते पुरतातही.

खरी परीक्षा वाऱ्यात होते. समोरून येणाऱ्या वाऱ्याला दोन बसलेली माणसं आणि होडीचं तोंड मिळून दीड चौरस मीटरचा आडोसा होतो असं धरा. ताशी २९ किलोमीटरचा वारा या आडोशाला सुमारे ६ किलोंच्या जोराने मागे रेटतो. वारा ताशी ४३ किलोमीटरचा झाला की तोच रेटा १३ किलोंवर जातो. वारा दीडपट, रेटा सव्वादोनपट. होडी आडवी झाली तर आडोसा दुप्पट होतो आणि लाटांचा मार वेगळाच. आता ३० पौंडांच्या मोटरीचा जोर साडेतेरा किलो, तोही जागेवर उभं असतानाचा, आणि होडी चालू लागली की कमी होणारा. म्हणजे त्या वाऱ्यात ३० पौंडवाला पुढे सरकणारच नाही. ४० ते ४५ पौंडवाला रांगत का होईना, काठाला लागेल. दोन माणसांच्या सोळा फुटी होडीला मी ४५ पौंड सुचवतो ते याच कारणासाठी.

ही चर्चा कागदी नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा आधी निरोप देत नाही. मोटर कितीही जोरकस असली तरी तिने वादळाशी झुंजायचं नसतं, वारा उठायच्या आत काठ गाठायचा असतो. अंगात जीवरक्षक जाकीट आणि होडीत वल्ही, दोन्ही मोटर लावल्यानंतरही असलीच पाहिजेत.

वेगाच्या लोभाने मोठी मोटर घेण्यात मात्र अर्थ नाही. सोळा फुटी होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच्याच लाटेत अडकते. ताशी १० किलोमीटरच्या आसपास तिची हद्द संपते आणि बॅटरीच्या मोटरीवर प्रत्यक्षात ५-६ किलोमीटरच मिळतात. उलट वेग निम्मा केला की लागणारी ताकद आठव्या भागावर येते. बॅटरीच्या होडीवरचा सगळा शहाणपणा या एका गोष्टीत आहे. जुन्या पद्धतीच्या पाच वेगांच्या मोटरींत कमी वेगावर उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यांत तापून जाते, त्यामुळे हा फायदा पुरता पदरात पडत नाही. वीज तुकड्या-तुकड्यांत सोडणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली मोटर थोडी महाग, पण जाळं उचलताना दीड-दोन तास मंद चालवायची असेल तर तीच घ्यावी.

आता बॅटरी. पैसे, वजन आणि मनस्ताप यांचा मोठा वाटा इथे आहे. ४० पौंडांची मोटर पूर्ण वेगात ४० अँपिअरच्या आसपास ओढते. शिशाच्या बॅटरीवर १०० अँपिअर-तास लिहिलेलं असतं ते दहा-वीस तास संथपणे वापरली तर. ४० अँपिअरने उपसली की ती तेवढं देत नाही. शिवाय टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. हातात उरतो तो पूर्ण वेगाचा जेमतेम पाऊण ते एक तास. तीच बॅटरी १२ अँपिअरवर, म्हणजे जाळं उचलण्याच्या वेगात, चार तास पुरते.

ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी घरात पडून असते म्हणून तीच लावायचा मोह होतो. ती क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते. रोज खोलवर रिकामी केली तर एका हंगामात बसते. त्यापेक्षा ई-रिक्षाची ट्युब्युलर बॅटरी बरी. ती रोज रिकामी होण्यासाठीच असते आणि बिदर, कलबुर्गी, भालकी कुठेही मिळते, दुरुस्तही होते. तिचं वजन तिशीच्या आसपास किलो. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठापासून होडीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं, तेव्हा हे तीस किलो पहाटे खांद्यावर घेऊन जाणाऱ्याला विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी १२-१३ किलोंची असते, ८० टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते आणि शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालते. किंमत सुरुवातीला बरीच जास्त. रोज पाण्यावर जाणाऱ्याला ती शेवटी स्वस्त पडते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला नाही.

लिथियमची एक खोड माहीत असावी. शिशाची बॅटरी संपत आली की मोटर हळूहळू मलूल होते, माणूस सावध होतो. लिथियम शेवटपर्यंत त्याच दमाने चालते आणि आतलं संरक्षक सर्किट एका क्षणी वीज तोडतं. व्होल्टमीटर तिथे फारसं काही सांगत नाही. किती अँपिअर-तास वापरले ते मोजणारा छोटा मीटर लावून घ्यावा आणि एक तृतीयांश जाण्याला, एक तृतीयांश येण्याला, एक तृतीयांश राखीव असा शिरस्ता पाळावा.

भरायची कशी? वापरलेली ५०-६० अँपिअर-तास वीज १० अँपिअरच्या चार्जरने भरायला सहा ते आठ तास लागतात. घरचा इन्व्हर्टर शिशाच्या बॅटरीला चालतो, पण लिथियमला तिचाच चार्जर हवा. काठावर वीज नसली तर ऊन आहे. २०० वॅटचं एक सौर पॅनेल आपल्याकडच्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ७०० वॅट-तास बॅटरीत टाकतं, म्हणजे जवळपास एका पहाटेचा खर्च. केरळात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालते. तिच्यापुढे आपली गरज चिमूटभर आहे. प्रत्येकाने आपापलं पॅनेल घेण्यापेक्षा मच्छीमार सहकारी संस्थेने काठावरच्या शेडवर चार पॅनेल बसवून बॅटऱ्या तिथेच भरल्या, तर चोरीची धास्तीही कमी होईल. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा खोली हवेशीर हवी आणि बिडी बाहेर.

बसवण्यात पहिला प्रश्न पुढे की मागे. अमेरिकेतले गळाने मासे धरणारे मोटर पुढच्या टोकाला लावतात, कारण पुढून ओढलेली होडी सरळ चालते. आपल्याकडे पुढच्या टोकावरून जाळं वर येतं. तिथे फिरता पंखा म्हणजे जाळ्याचा सत्यानाश. मोटर मागेच हवी. फायबरच्या होडीची मागची फळी पातळ असेल तर आतून-बाहेरून सागाचे किंवा मरीन प्लायचे तुकडे देऊन आरपार बोल्ट, मोठे वॉशर आणि दुहेरी नट घालावे. नुसता शिकंजा हादऱ्यांनी सैल होतो. म्हणून मोटरीच्या दांड्याला एक नायलॉनची दोरी बांधून ती होडीच्या आडव्या पट्टीला अडकवावी. सुटली तरी मोटर तळाशी जाणार नाही.

दांड्याची लांबी होडी रिकामी असताना मोजायची, कारण तेव्हा ती सर्वांत उंच तरंगते. फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत समजा १४ इंच आहेत. मोटरीचा मध्य पाण्याखाली निदान फूटभर हवा, म्हणजे २६ इंच झाले. ३० इंची दांडा चालेल, पण लाटेत पंखा हवा खाईल. ३६ इंची घेऊन हवा तेवढा खाली-वर करणं चांगलं. उन्हाळ्यात बुडीत बाभळींचे बुंधे वर येतात तेव्हा दांडा उचलून घ्यायची सोय कामी येते. बॅटरी मात्र मागे मोटरजवळ ठेवायची नाही. मोटर, चालवणारा आणि बॅटरी तिघं एकाच टोकाला आले की होडी मागे बसते. बॅटरी मध्यावर, तळाला, झाकणाच्या खोक्यात आणि पट्ट्याने बांधून हवी.

बॅटरी मध्यावर गेली की वायर लांबते आणि सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. तीन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. घरात एसीला वापरतात ती ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ४० अँपिअरला वाटेतच एक व्होल्ट गळतो, चाळीसेक वॅट वायर तापवण्यात जातात आणि आवरण मऊ पडतं. मोटरीत दम नाही अशी तक्रार घेऊन माणूस दुकानात जातो, दोष वायरचा असतो. १६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की गळती पाव व्होल्टवर येते. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात ५० अँपिअरचा फ्यूज किंवा डीसीसाठीच बनवलेला ब्रेकर हवा. घरच्या एसी विजेचा एमसीबी इथे भरवशाचा नाही. टोकं दाबून बसवलेली, वर ग्रीस लावलेली असावीत.

मोटरीचा मोठा शत्रू तंगूस. जाळं उचलताना पंखा फिरता राहिला की एक धागा पंख्याच्या मागच्या फटीत शिरतो. वरून काही दिसत नाही, मोटर चालतही राहते. धागा मात्र आत गुंडाळत जाऊन दांड्याभोवतीचं रबरी सील कापतो आणि पाणी आत जातं. पुढच्या काही आठवड्यांत आवाज बदलतो, मग मोटर बंद. उपाय सोपा आहे, पण रोजचा हवा. काठाला आल्यावर बॅटरीची वायर काढायची, पंख्याचा नट सोडायचा, पंखा ओढून घ्यायचा, आडवी पिन बाहेर काढून बाजूला ठेवायची, दांड्याभोवतीचा धागा चिमट्याने उलगडायचा, पिन परत तिच्या खाचेत बसवायची आणि पंखा व नट पुन्हा चढवायचे. पाच मिनिटांचं काम. पंखा बुंध्याला आपटला की हीच पिन तुटून मोटरीला वाचवते, म्हणून दोन जादा पिना आणि एक नट डब्यात असू द्यावेत. जाळं हातात असताना मोटर बंद, शक्य तर वर उचललेली. होडी धरायची असेल तेव्हा जाळ्यापासून दूरच्या बाजूला वळवून थोड्या-थोड्या वेळाने चालवायची.

ब्रश असलेली मोटर घ्यावी की ब्रशविरहित? ब्रशविरहित मोटर वीज कमी खाते, जास्त टिकते. जर्मनीत २००५ साली सुरू झालेल्या टॉर्कीडोच्या मोटरी याच जातीच्या आणि नावाजलेल्या आहेत. पण त्यांचं नियंत्रक सर्किट गेलं तर आपल्या भागात हात लावणारा कोणी नाही. ब्रशवाली मोटर ही मुळात स्टार्टरची बहीण. भालकीत किंवा आळंदला ट्रॅक्टरचे स्टार्टर उघडणारा मिस्त्री तिचे कार्बन बदलू शकतो, आर्मेचर घासून देऊ शकतो. चिनी हॅसविंगसारख्या मोटरी घेताना सील, पंखा, कार्बन यांचा एक जादा संच त्याच दिवशी घ्यावा. उपग्रहाच्या मदतीने होडी जागेवर धरून ठेवणाऱ्या महागड्या मोटरी जाळं उचलायला मोहक वाटतात, पण त्या पुढच्या टोकाला बसतात आणि तिथली अडचण वर सांगितलीच आहे.

हरिगोल म्हणजे गोल टोपलीची नाव कर्नाटकातल्या धरणांवर अजून भरपूर आहे. तिला मागची फळी नाही, कणा नाही. कडेला मोटर लावली की ती भिंगरीसारखी फिरते. आडवी फळी टाकून पुढून ओढून घेतली तर चालते, तीही शांत पाण्यात आणि ३० पौंडांच्या आत. मी ते सुचवणार नाही. थर्माकोलचा तराफा आणि ट्रॅक्टरची ट्यूब यांवर तर मोटरीचा विचारच नको. ज्यांच्याकडे एवढंच साधन आहे त्यांना आधी धड होडी मिळाली पाहिजे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. होडीच्या प्रस्तावात मोटर आणि बॅटरी धरता येतील का, हे मत्स्य खात्याच्या तालुका कार्यालयाकडून लेखी घ्यावं. इथली बहुतेक धरणं कर्नाटक नीरावरी निगमच्या ताब्यात आहेत आणि यांत्रिक जलवाहनांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, तेव्हा परवानगी आणि नोंदणीचा प्रश्नही मोटर घेण्याआधीच मिटवावा. चंद्रमपळ्ळीचं पाणी चिंचोळी अभयारण्याच्या हद्दीत येतं, तिथे वनखातंही आलं.

शेवटी, विकत घेताना करायची एक तपासणी. मासे तोलायचा आकड्याचा काटा प्रत्येक संस्थेत असतो. होडीच्या मागे मोटर लावून भरलेल्या बॅटरीला जोडायची, होडी काठापासून दहा-पंधरा फूट आत घ्यायची, होडीला बांधलेली दोरी काट्याच्या आकड्यात आणि काटा काठावरच्या बुंध्याला. मोटर आतल्या दिशेने पूर्ण वेगात पाच मिनिटं चालवायची. ४० पौंडांची मोटर असेल तर काट्यावर १८ किलोंच्या जवळपास आकडा दिसला पाहिजे. १२-१३ वरच अडकला तर आधी वायर आणि सांधे हाताने चाचपून कुठे तापलंय ते पाहायचं, मग दुसऱ्या बॅटरीवर हीच चाचणी घ्यायची. तरीही आकडा वर सरकला नाही तर मोटर दुकानदाराला परत. पाच मिनिटांतच आकडा खाली घसरू लागला तर दोष बॅटरीत आहे, आणि ही तपासणी दर हंगामाच्या सुरुवातीला केली तर जुनी बॅटरी कधी बदलायची तेही याच काट्यावर कळतं.